थंड झाला, पण मंद झाला!

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. भाग ३

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण शाळेत असताना वाक्यात उपयोग करण्यापुरती मी पाठ केली होती. तिचा खरा अर्थ मला मे २०२४ मध्ये उज्जैनला, मामांच्या घरी समजला. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही हे लिहिण्याचे धाडस करते, कारण जुना लॅपटॉप घेऊन त्याच्याशी झुंजणारे माझ्यासारखे अनेक विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात आहेत, आणि मी ज्या चुका केल्या त्या त्यांना टाळता याव्यात.

माझे मामा उज्जैनला असतात. भैरवगढच्या छापाच्या चादरी आणि साड्या घाऊक भावाने विकण्याचा त्यांचा छोटा व्यवसाय आहे. सुट्टीत मी तेथे गेले, तेव्हा मामा म्हणाले, “अगं, तू कॉमर्सची ना? मग एप्रिलचा खरेदी-विक्रीचा हिशेब या वेळी तूच लाव.” जीएसटीचे ३बी विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरावे लागते. त्यासाठी करसल्लागारांना १८ तारखेस आकडे द्यायचे होते. उशीर झाल्यास दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर व्याज. घरच्या माणसाने प्रथमच विश्वासाने टाकलेली जबाबदारी होती ती.

माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्याने वापरलेला. त्यातील प्रोसेसर इंटेलचा आय-५ ८२५०यू, म्हणजे २०१७ साली बाजारात आलेला. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, आणि गरज पडल्यास थोडा वेळ ३.४ पर्यंत जाणारा. उज्जैनच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि मला मिळालेली खोली गच्चीखालची. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. तापमान दाखवणारा प्रोग्राम ९७ अंश दाखवू लागला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश. तिच्या जवळ गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. यालाच ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात.

अंडरव्होल्टिंग म्हणजे काय?

उपाय शोधता शोधता ‘अंडरव्होल्टिंग’ हा शब्द सापडला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो, ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, एक व्होल्टऐवजी ०.९२ व्होल्ट दिले. ०.९२ चा वर्ग साधारण ०.८५. म्हणजे वेग तोच ठेवून कामाला लागणारी वीज सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी झाली. जेवढी वीज कमी, तेवढी उष्णता कमी.

मग कारखान्यातच व्होल्टेज कमी का ठेवत नाहीत? शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात ना, तसेच हे. कारखान्यातून निघणारे दोन प्रोसेसर तंतोतंत सारखे नसतात. एखादा दुबळा, एखादा सशक्त. शिवाय पुढे वय वाढेल, उन्हाळे येतील, हा विचार करून कंपनी सर्वांनाच थोडे जास्त व्होल्टेज देते. अंडरव्होल्टिंग म्हणजे हा वाढीव कपडा शिवणीत घालणे. किती घालता येईल हे ज्याच्या त्याच्या अंगावर अवलंबून असते. मित्राला चाललेला आकडा आपल्याला चालेलच असे नाही.

‘थ्रॉटलस्टॉप’ नावाच्या मोफत प्रोग्रामने मी आधी ८० मिलिव्होल्ट कमी केले. सर्व ठीक चालले. मग हाव सुटली. दुसऱ्या दिवशी एकदम १२५ केले. ९७ चे ८४ अंश झाले. १३ तारखेस तर आकडा ५८ वर आला! मी मामांना हाक मारून दाखवले. मामा म्हणाले, “शाब्बास!” मामींनी पन्हे दिले.

घात

त्याच संध्याकाळी लक्षात आले, की लॅपटॉप थंड आहे, पण हलत नाही. मी अक्षर टंकावे आणि ते पडद्यावर सावकाश उमटावे. दोनशे ओळींची याद्यांची फाईल उघडायला मिनिटे लागू लागली. दोन वेळा तर काम चालू असता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि जतन न केलेल्या चाळीस नोंदी गेल्या.

मी ठरवून टाकले, की दोष अंडरव्होल्टिंगचा. सर्व पूर्ववत केले. तरीही लॅपटॉप मंदच! मग रात्री बारापर्यंत मी काय काय केले म्हणून सांगू! विषाणूरोधक प्रोग्राम काढला, दुसरा घातला, विंडोजचे अद्ययावतीकरण थांबवले, वीजवापराची योजना बदलली, पुन्हा व्होल्टेज कमी केले. सकाळी यापैकी कशाचा काय परिणाम झाला, हे मलाच सांगता येईना.

शेवटी संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या कन्नड मैत्रिणीला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, “स्वल्प तडी. ओंदोंदागि नोडु.” म्हणजे, जरा थांब, एकेक करून पाहा.

रोजकीर्द उघडली

मला त्या दोन वाक्यांनी आपलाच विषय आठवला. तेरीज जुळली नाही, तर आपण पाच खात्यांत एकदम खाडाखोड करतो का? नाही. एकेक नोंद तपासतो. मी मामांकडून एक जुनी वही मागून घेतली आणि रकाने आखले: वेळ, काय बदलले, वेग, तापमान, आणि वेग अडवणारे कारण. एका वेळी एकच बदल, त्याची नोंद, आणि उपयोग न झाल्यास तो मागे घेऊन मगच पुढचा.

पहिल्याच ओळीने डोळे उघडले. वेगाच्या रकान्यात ०.८ गिगाहर्ट्झ! काम असो वा नसो, आकडा हलतच नव्हता. म्हणजे ५८ अंश हे माझ्या कौशल्याचे फळ नव्हते. प्रोसेसर कामच करत नव्हता, मग तापेल कशाला? एखाद्या दुकानाचा खर्च अचानक निम्मा झाला म्हणून मालकाने आनंद मानावा, आणि नंतर कळावे की दुकान बंदच होते, तसे झाले.

वेग का अडला, याचे कारण तोच प्रोग्राम दाखवतो. तेथे ‘प्रोकहॉट’ ही खूण पेटलेली होती. ‘प्रोसेसर तापला’ असे सांगणारा हा इशारा. पण ५८ अंशांना तापला कसा? येथे एक गंमत आहे. हा इशारा दोन्ही दिशांनी चालतो. प्रोसेसर स्वतः तो देतोच, पण लॅपटॉपचा मुख्य फलकही बाहेरून तो देऊन प्रोसेसरला लगाम घालू शकतो. फलकाने तो का दिला असावा? तेव्हा आठवले, की सुरू होताना दोन दिवस एक सूचना येत होती: ‘चार्जर ओळखता आला नाही.’ मी घाईने एंटर दाबून ती घालवत होते.

अनेक लॅपटॉपांच्या चार्जरमध्ये विजेच्या तारांखेरीज एक बारीक तार ओळखीसाठी असते. चार्जर किती वॅटचा आहे, हे तीवरून कळते. ती तुटली की फलकाला खात्री राहत नाही आणि तो सावधगिरीने वेग पाडतो. बेळगावहून येताना रेल्वेत माझी वायर टोकाशी मुरगळली होती. शेजारच्या मुलाचा त्याच जातीचा चार्जर लावला मात्र, वेग क्षणात तीनच्या वर गेला!

पण आपोआप बंद पडण्याचे काय? ती चूक निराळी होती आणि ती मात्र माझीच. व्होल्टेज मूळ पदावर ठेवले, दोन दिवस एकदाही बंद पडला नाही. पुन्हा १२५ कमी केले, तासाभरात बंद. विंडोजच्या नोंदवहीत प्रोसेसरच्या चुका नोंदल्याच होत्या. मी ती कधी उघडली नव्हती. ६० वर आणले, तेव्हा स्थिर झाला.

अकौंटन्सीत आपण शिकतो, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असे नव्हे. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. माझ्या लॅपटॉपात नेमके हेच झाले होते. चार्जरने वेग पाडला, त्यामुळे तापमान छान दिसले, आणि त्या छान तापमानाने माझी अतिरेकी हाव झाकली.

याच दिवसांत मामा मला शासकीय जीवाजी वेधशाळेत घेऊन गेले. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा. तेथील सम्राटयंत्राची सावली दाखवते ती वेळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे सत्तावीस मिनिटांचा फरक. शिवाय दिवसागणिक बदलणारी थोडी दुरुस्ती. यंत्रही खोटे नाही आणि घड्याळही खोटे नाही. आकडा कशाचा आहे, हे कळले पाहिजे. माझा ५८ चा आकडाही खरा होता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

मनातील खरी भीती

व्होल्टेज फार कमी केल्यास प्रोसेसर जळत नाही. पण गणित चुकू शकते. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ल्युव्हेन आणि ग्रात्झ येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा दोष जाहीर केला. व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरकडून चुकीचा गुणाकार करून घेता येतो, आणि त्याआधारे सुरक्षित कप्प्यातील गुप्त किल्ल्याही काढता येतात, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर अनेक लॅपटॉपांत बायोसमार्फत हा दरवाजाच बंद झाला. आपल्या लॅपटॉपात तो बंद असेल, तर उघडण्यासाठी जुना बायोस घालू नये.

हे वाचले आणि माझे धाबे दणाणले. कारण माझी खरेदीची बेरीज मामांच्या वहीशी जुळत नव्हती. फरक २,७०० रुपयांचा. लॅपटॉपने बेरीज चुकवली की काय? मामा शांतपणे म्हणाले, “सत्तावीसशेला नऊने भाग जातो ना? मग आधी उलटसुलट आकडे शोध.” आकड्यातील शेजारचे दोन अंक उलटले, की फरकाला नऊने निःशेष भाग जातो, ही जुन्या मुनीमांची युक्ती. दहा मिनिटांत सापडले: ७,४५२ च्या जागी मी ४,७५२ टंकले होते. म्हणजे तिसरी चूकही लॅपटॉपची नव्हे. तरीसुद्धा मी सर्व बेरजा मूळ व्होल्टेजवर पुन्हा केल्या, आणि मगच आकडे दिले. १८ तारीख चुकली नाही.

करून पाहणाऱ्यांसाठी

१. प्रथम कामाच्या फाईलींची प्रत दुसरीकडे ठेवा.

२. तापमानाआधी वेग पाहा. तापमान कमी आणि वेगही कमी, तर आनंद मानू नका.

३. वेग कशाने अडला ते पाहा: उष्णतेने, वीजमर्यादेने की बाहेरच्या इशाऱ्याने. तिन्हींचे उपाय निराळे. वेग फार खाली अडकलेला असेल, तर आधी चार्जर व बॅटरी तपासा.

४. बदल खरोखर लागू झाला आहे का ते पाहा. काही लॅपटॉपांत झोपेतून उठल्यावर तो पुसला जातो. विंडोजच्या काही सुरक्षा-सोयीही त्याला अडवतात. त्यासाठी त्या बंद करू नका.

५. दर वेळी दहा मिलिव्होल्टच कमी करा. दहा मिनिटांची चाचणी पार पडली म्हणून पास समजू नका. रिकामा असताना, झोपेतून उठताना आणि भर दुपारी, तिन्ही वेळा टिकला पाहिजे. तोवर तो बदल सुरू होतानाच आपोआप लागू होईल असे ठेवू नका. म्हणजे बिघडल्यास बंद करून पुन्हा सुरू करणे पुरते.

६. जेथे पहिली चूक दिसेल, तेथून वीस-तीस मिलिव्होल्ट मागे या.

आता जमाखर्च सांगते. ६० मिलिव्होल्टनी मला पाच अंशांचा फायदा झाला. नंतर फ्रीगंजातील एका दुरुस्तीच्या दुकानात पंख्यातील धूळ काढून घेतली, तिने सात अंशांचा! म्हणजे जो उपाय प्रथम करायचा, तो मी सर्वांत शेवटी केला.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर मी मैत्रिणीचे शब्द देवनागरीत लिहून ठेवले आहेत: ओंदोंदागि नोडु.