भोपाळच्या कच्च्या वाटा आणि गिअरबॉक्सची निवड

कच्च्या वाटेवर वेगापेक्षा चाकापर्यंत पोहोचणाऱ्या ताकदीवरचा ताबा महत्त्वाचा असतो. मोठ्या दगडावर चाक चढवायचे तर गाडी इंचाइंचाने सरकली पाहिजे आणि इंजिनही बंद पडता कामा नये. मॅन्युअल गाडीत हा ताबा चालकाच्या डाव्या पायाखालच्या क्लचवर असतो, तर ऑटोमॅटिकमध्ये ते काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. त्यात इंजिनाकडची पाती तेल फेकतात आणि त्या प्रवाहाने गिअरबॉक्सकडची पाती फिरतात. मध्ये घट्ट जोड नसल्यामुळे चाके थांबली तरी इंजिन चालू राहते. गाडी जागची हलताना तर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो.

ऑटोमॅटिक म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी मात्र अशी नसते. स्वस्त गाड्यांतल्या एएमटीमध्ये नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. चढावर गाडी रेंगाळली की त्याची क्लच प्लेट तापते, म्हणून कच्च्या वाटेसाठी एएमटीचा विचार करू नये. महिंद्रा थार आणि मारुती जिम्नी या दोन्ही गाड्यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि त्यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्त्यांना लो रेंजही, म्हणजे सगळ्या गिअरांची ओढ वाढवणारी जोडणीही, आहे.

भोपाळ माळव्याच्या पठारावर वसले आहे आणि दक्षिणेला विंध्याचा डोंगर बुधनीकडे नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. साहजिकच इथल्या गाडीला वालुकाश्माचे दगडी नाले, काळी माती आणि तीव्र उतार असे तिन्ही प्रकार भेटतात.

दगडी चढावर ऑटोमॅटिक सरस ठरते. एक पाय ब्रेकवर आणि दुसरा हलकेच ॲक्सिलरेटरवर ठेवला की गाडी मागे न घसरता दगड ओलांडते. मॅन्युअलमध्ये तेच हाफ क्लचवर करावे लागते. हात बसलेला नसेल तर इंजिन बंद पडते, नाहीतर क्लच जळल्याचा वास येऊ लागतो.

काळ्या मातीचे गणित वेगळे आहे. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. अशा चिखलात गती तुटली की चाक रुतते आणि मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना ती क्षणभर तुटतेच. म्हणून जाणकार चालक चिखलात शिरण्यापूर्वीच लो रेंजचा दुसरा गिअर टाकतात आणि पलीकडे जाईपर्यंत बदलत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये ओढ तुटत नाही, पण चाक घसरून भराभर फिरू लागले की गिअरबॉक्स आपणहून वरचा गिअर घेऊ शकतो. थारमध्ये मॅन्युअल मोड आणि जिम्नीत ‘२’ व ‘एल’ या जागा आहेत, त्यांचा उपयोग इथे करायचा. रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर मॅन्युअल बरी. ऑटोमॅटिकमध्ये चाके फिरत असताना ‘डी’ आणि ‘आर’ यांची अदलाबदल करत राहिले तर गिअरबॉक्सवर मोठा ताण येतो.

खरा फरक उतारावर कळतो आणि गाडी घेताना नेमका तोच विसरला जातो. जिम्नीच्या मॅन्युअल आवृत्तीच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ४.४२५ आहे, ऑटोमॅटिकचे २.८७५. लो रेंज आणि ॲक्सलचे प्रमाण धरले तर चाकाच्या एका फेऱ्यामागे मॅन्युअलचे इंजिन सुमारे ३६ वेळा फिरते, ऑटोमॅटिकचे सुमारे २५ वेळा. चढावर ही तूट टॉर्क कन्व्हर्टर भरून काढतो. उतारावर मात्र तो मदतीला येत नाही आणि इंजिनाचा अटकाव कमी पडून गाडी ओढली जाते. ओल्या मातीत ब्रेक जोरात दाबला तर चाकांची पकड सुटते. थार आणि जिम्नी या दोन्ही गाड्यांतली हिल डिसेंट कंट्रोल प्रणाली प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा लावून हे सावरते, पण लांब उतारावर ब्रेक तापतात. ब्रेक न दाबता पहिल्या गिअरवर संथ उतरण्याची मॅन्युअलची सोय निर्विवाद मोठी आहे.

नाला ओलांडताना मॅन्युअलचा क्लच मध्येच दाबू नये. पाणी प्लेटपर्यंत गेले तर क्लच घसरतो. नव्या थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे आणि ती दोन्ही गिअरबॉक्सना लागू होते.

राहिला प्रश्न जंगलाचा. डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या, भोपाळजवळच्या रातापानीच्या जंगलात ठरलेले मार्ग सोडून गाडी घालता येत नाही. मध्य प्रदेशच्या जंगलांत पर्यटकांना फिरवणारी, १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी मॅन्युअलच होती, त्यामुळे तिथल्या चालकांचा हात क्लचवर पक्का बसलेला आहे.

आठवडाभर शहराच्या गर्दीत आणि अधूनमधून धरणाकाठच्या कच्च्या वाटेवर चालणाऱ्या गाडीसाठी ऑटोमॅटिक घ्यावी. तीव्र उतार आणि चिखल हीच आवड असेल, किंवा गाडी आडगावी नादुरुस्त होण्याची शक्यता असेल, तर मॅन्युअल. क्लच प्लेट बदलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो, बॅटरी उतरली तर गाडी ढकलून सुरू करता येते. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने खोल पाण्यातून आल्यावर गिअरबॉक्सचे तेल तपासून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे असे समजून, तेल बदलेपर्यंत गाडी चालवू नये.