बिदरीच्या डबीसाठी भावफलक

मालाच्या अंगावर जी खूण, जो रंग आणि जी अक्षरे असतात, त्या साऱ्यांनी मिळून त्या मालाची एक मुद्रा बनते. हल्ली तिला ‘ब्रँड’ म्हणतात. मुंबईत १९४६ साली बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी एअर इंडियासाठी लवून स्वागत करणारा महाराजा निर्माण केला. पुढे १९७१ साली त्या कंपनीची जंबो विमाने आली, तेव्हा त्यांच्या खिडक्यांभोवती राजवाड्यातील झरोक्यांच्या कमानी रंगविल्या गेल्या. चित्र निराळे असले तरी भाव एकच होता, आणि तो पाहणाऱ्यास सांगावा लागत नव्हता. असा भाव आधी ठरविण्यासाठी चित्रकार एका पुठ्ठ्यावर चित्रे, रंग, कापडाचे तुकडे इत्यादी मांडून पाहतात. त्याला ‘मूडबोर्ड’ असे नाव आहे. आम्ही त्यास भावफलक म्हणू.

आपल्या मेहकरच्या मुलांनी याचा अभ्यास करावयाचा तर जिल्ह्याच्या गावचेच बिदरी काम घ्यावे. या कलेला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री लाभली. परंतु कायद्याने नाव राखले तरी गिऱ्हाइकाची नजर राखता येत नाही. अनेक दिवस खपून घडविलेली डबी भडक लाल पेटीत घातली की, काळा रंग फासलेल्या स्वस्त नकलेशेजारी ती ओळखू येत नाही. आणि पोट भरते ते ओळखीवर.

प्रथम डबीचा स्वभाव सांगणारे तीन-चार शब्द कागदावर लिहावेत. शांत, जड, रात्रीसारखी, जुनी, इतके पुरे. ‘सुंदर’ हा शब्द मात्र लिहू नये, कारण त्याने काहीच वगळले जात नाही.

नंतर वस्तू गोळा कराव्यात, आणि येथे घाई नको. बिदरीची धातू साधारणपणे १६ भाग जस्त आणि १ भाग तांबे यांची असते. ओतीव भांडे कानशीने गुळगुळीत करून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्या तात्पुरत्या काळेपणावर छिन्नीने नक्षी कोरतात, आणि कोरलेल्या खाचांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी भांडे किंचित तापवून त्याला बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. जस्ताचे अंग कायमचे काळे होते. चांदीला काही होत नाही! तेव्हा फलकावर चिमूटभर माती, तारेचा तुकडा आणि न घासलेल्या काळ्या धातूचा नमुना ही खरीखुरीच लावावीत. छापील चित्रातील काळा रंग आणि तेल चोळलेल्या बिदरीचा काळा रंग यांत फार अंतर आहे.

मग आसपास पाहावे. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे जडावकाम आहे. ते बिदरीचे जणू भावंडच, म्हणून त्याचे छायाचित्र घ्यावे. महमूद गवानच्या मदरशाचे (१४७२) निळे कौलकाम त्याहून मोहक आहे, पण ते काढून टाकावे लागते. निळा रंग आला की मातीचा व तारेचा आवाज बुडतो. हा फलक मुख्यतः वगळण्यासाठीच असतो, असे आमचे मत आहे. पंचवीस-तीस तुकडे जमवून सात-आठच ठेवावेत आणि प्रत्येकाखाली तो का ठेवला हे एका ओळीत लिहावे. कारण लिहिता आले नाही तर तो तुकडा उतरवावा.

आम्ही मूळचे कोकणी मुलखातले. किल्ल्याचा तांबडा जांभा दिसला की आम्हांला घरचे कुंपण आठवते आणि हात आपोआप माड व समुद्राच्या चित्राकडे जातो. ती आमची आठवण झाली, डबीची नव्हे. जांभ्याचा रंग मात्र ठेवावा, कारण डबीला काळे करणारी माती त्याच किल्ल्यातली. पण त्याची एक बारीक पट्टीच बरी.

अक्षरांचा प्रश्न बिकट आहे. बिदरात कन्नड, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषा कानी पडतात. एकच लिपी निवडून भांडण ओढवून घेण्यापेक्षा तिन्ही लिपींतील ‘बिदरी’ हा शब्द फलकावर शेजारी शेजारी लिहून पाहावा. तार सर्वत्र सारख्याच जाडीची असते. तेव्हा बोरूच्या जाड-बारीक वळणांऐवजी सारख्या जाडीच्या रेघेने तिन्ही अक्षरे काढली, तर ती एका हातची दिसतात.

फलक उभा करून दहा पावले मागे सरावे, आणि दिवसा एकदा व दिव्याच्या उजेडात एकदा पाहावा. त्यानंतर तो कारागिराकडे न्यावा. त्याने एखाद्या तुकड्यावर बोट ठेवून ‘हे आमचे नाही’ म्हटले, तर कारण न विचारता आधी तो तुकडा काढावा, आणि कारण मागाहून चहा पिताना विचारावे. पेटीचा पहिला नमुना पेन्सिलीने काढावयाचा तो यानंतर.