९४४ मिलिमीटर पाऊस अक्षात का मावत नाही?

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयात सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्यात ७३. हा फरक ‘डी३’ या आलेख काढण्याच्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीत आलेखावर मांडायचा, तर अक्षासाठी समान अंतराचे आकडे लागतात. ते देणारे फंक्शन म्हणजे ‘रेंज’. त्याला सुरुवात, शेवट आणि पायरी सांगायची. एवढ्या सोप्या कामातही काही गैरसमज हमखास आडवे येतात.

गैरसमज : शेवटचा आकडा यादीत येतोच.
वस्तुस्थिती : रेंज(०, १०००, १००) लिहिले, तर ० ते ९०० असे दहाच आकडे मिळतात. यादी शेवटाच्या अलीकडेच थांबते. अक्ष तिथेच संपवला, तर ९४४ चा स्तंभ चौकटीबाहेर जातो. १००० हवा असेल, तर शेवट ११०० द्या. या रीतीचा फायदाही आहे : ० ते ५०० आणि ५०० ते १००० अशा दोन याद्या जोडल्या, तरी ५०० दोनदा येत नाही.

गैरसमज : तिसरा आकडा म्हणजे किती आकडे हवेत ते.
वस्तुस्थिती : तो दोन आकड्यांमधले अंतर सांगतो. पायथन भाषेच्या नमपाय लायब्ररीमधले ‘लिनस्पेस’ मात्र संख्या विचारते आणि शेवटचा आकडाही देते. दोन्ही वापरणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

गैरसमज : दशांश पायरी पूर्णांकाइतकीच बिनधोक.
वस्तुस्थिती : संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.२ नेमका बसत नाही. म्हणून रेंज(०, १, ०.२) मध्ये ०.६ च्या जागी ०.६००००००००००००००१ येतो. ० ते १ मध्ये पायरी १/४९ दिली, तर ४९ ऐवजी ५० आकडे मिळतात. ० ते ४८ हे पूर्णांक घेऊन प्रत्येकाला ४९ ने भागणे सुरक्षित.

गैरसमज : समान अंतर म्हणजे योग्य गट.
वस्तुस्थिती : हवामान विभागाच्या वर्गवारीत जोरदार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून, अतिजोरदार ११५.६ पासून आणि अत्यंत जोरदार २०४.५ पासून सुरू होतो. शंभराच्या पायरीने रंग दिले, तर कुलाब्याचे ७३ रिमझिमीच्या रंगात जातात. प्रत्यक्षात तो जोरदार पाऊस. अशा सीमा हातानेच लिहाव्यात.

आलेख काढण्यापूर्वी यादी छापून पहिला आकडा, शेवटचा आकडा आणि एकूण संख्या तपासा. पावसाचा आलेख पाहून लोक घराबाहेर पडायचे की नाही हे ठरवतात. त्यांना अक्ष बिनचूक मिळालाच पाहिजे.