सक्तीचे शिक्षण : पालक आणि शासन यांच्या उत्तरदायित्वाचा विचार

प्रस्तावना :
बालकाच्या शिक्षणाचे उत्तरदायित्व पालकांचे की शासनाचे, हा प्रश्न भारतात 'सक्तीचे शिक्षण' या संज्ञेच्या अर्थाशी निगडित आहे. सक्ती नेमकी कोणावर, हे त्यात ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात या अर्थात झालेला बदल स्पष्ट करून ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या संदर्भात त्याची कसोटी पाहिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलेली सक्ती १९०६ मध्ये सर्व संस्थानात लागू झाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये असाच कायदा केला. या दोन्ही संस्थानांत शाळांचा भार दरबाराने उचलला. मात्र मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. म्हणजेच सोय शासनाची आणि सक्ती पालकांवर, असे त्या कायद्यांचे स्वरूप होते.

विद्यमान कायद्याची भूमिका :
२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने दोन्ही पक्षांची नोंद घेतली. कलम २१-अ अन्वये ६ ते १४ वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, तर कलम ५१-अ मध्ये पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे कर्तव्य ठरले. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने हा भेद अधिक स्पष्ट केला. कलम ८ नुसार बालकाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांची सुनिश्चिती करणे हे शासनाचे बंधन आहे. कलम १० पालकांचे कर्तव्य सांगते, परंतु त्यासाठी शिक्षा सांगत नाही. सक्तीचा रोख अशा रीतीने पालकांकडून शासनाकडे वळला.

ऊसतोड कामगारांची मुले : एक कसोटी :
हा बदल का आवश्यक होता, हे बीड व लगतच्या जिल्ह्यांतील स्थलांतरावरून ध्यानी येते. ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी 'एक कोयता' म्हणून धरली जाते. त्यामुळे गळीत हंगामात अनेक घरी मुलांना सांभाळणारे प्रौढ माणूस उरत नाही आणि मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. येथे पालकांची अनिच्छा नसून असमर्थता आहे. दंडाने अनिच्छा कदाचित दूर होईल. असमर्थता दूर होणार नाही. उलट दंडाची रक्कम पुन्हा उचलीच्या कर्जातच भर घालील. कायद्याच्या कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. गावातील हंगामी वसतिगृहे आणि कारखाना परिसरातील साखरशाळा हे त्या दिशेचे उपाय होत.

तथापि केवळ व्यवस्था उभारून भागत नाही. मूल आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात ठेवण्याचा निर्णय अखेर पालकच घेतात, आणि मुलीच्या सुरक्षिततेची खात्री नसेल तर तिला ते सोबतच नेतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, ही कलम २१ ची तरतूद येथे महत्त्वाची ठरते. मात्र समितीच्या बैठका हंगामात झाल्या, तर ज्यांच्या मुलांचा प्रश्न आहे तेच पालक अनुपस्थित राहतात.

निष्कर्ष :
पालक व शासन यांची कर्तव्ये परस्परपूरक असली तरी समान नाहीत. पालकांचे कर्तव्य त्यांच्या सामर्थ्यापुरते मर्यादित राहते. ते सामर्थ्य जेथे संपते तेथे बालकाचा हक्क संपत नाही. म्हणून अंतिम उत्तरदायित्व शासनाचेच ठरते. मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वी पालकांना विश्वासात घेऊन मुलांची सोय निश्चित केली, तरच ते सार्थ ठरेल.