एका सेंटाची चित्रकथा

दीपावलीत आपल्या बालकांस नवी वस्त्रे, फराळ आणि फटाके मिळतात. हॉलंड देशातील बालके अशाच उत्कंठेने संत निकोलसच्या सणाची वाट पाहतात. हा सत्पुरुष चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा नगरीचा धर्माध्यक्ष होता. मुलांनी चुलीपाशी जोडा ठेवावा, त्यात संताच्या घोड्यासाठी गवत अथवा गाजर घालावे, आणि मग तेथे खाऊ सापडावा, अशी तेथील रूढी. ५ डिसेंबरची सायंकाळ ही या सणाची मुख्य वेळ.

या संताची छबी तेथील घरोघरी पोहोचविली ती एका पैशाच्या कागदाने. सतराव्या शतकापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत हे चित्रपत्र निघत. एकाच बाजूस छापलेला कागद, त्यावर लाकडी ठशांची बारा, सोळा वा चोवीस चित्रे, आणि प्रत्येकीखाली बहुधा दोन चरणांचे यमकबद्ध पद्य. किंमत एक सेंट, म्हणून नावही तेच पडले. रंग म्हणावे तर तांबडा, पिवळा, निळा. तेही घाईने दिलेले, रेषा ओलांडून शेजारच्या मनुष्याच्या नाकावर पसरलेले! आम्हांस त्यात दोष वाटत नाही. कथा खरी असली म्हणजे रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो.

उत्तरेत प्रॉटेस्टंट पंथाचे प्राबल्य. संतपूजा त्यास अमान्य, आणि सतराव्या शतकात काही नगरांनी या सणाच्या बाजारावर निर्बंधही घातले. तरी बालकांच्या चित्रपत्रांतून निकोलस काही हलला नाही. दक्षिणेस, आजच्या बेल्जियममधील टर्नहाउट गावी, ब्रेपोल्सच्या छापखान्यातून असे कागद मोठ्या संख्येने बाहेर पडत. तेथील कॅथॉलिक प्रजेस संतांची चित्रे उघडपणे प्रिय होती.

पण केवळ संतचरित्रे नव्हेत. एका कागदावर उलटे जग असे: बैल खाटकास कापतो, मासा कोळ्यास गळाला लावतो. नाथांची भारुडे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांस हा प्रकार परका वाटणार नाही. दुसऱ्यावर यान नावाचा धोबीदादा: त्याची बायको ग्रीट विजार चढवते आणि यान लुगड्यासारखा घागरा नेसून धुणे धुतो, मूल सांभाळतो. मुले पोट धरधरून हसत असतील यात शंका नाही.

हे सुधारकांस रुचले नाही. १७८४ साली एडाम येथे स्थापन झालेल्या लोकहितवादी संस्थेने, ‘टॉट नुट व्हान त्‌ आल्गेमेन’ तिचे नाव, सद्वर्तन व उपयुक्त ज्ञान शिकविणारे चित्रपत्र काढले. हेतू निर्मळ होता. परंतु नुसत्या उपदेशाने श्रोता जांभया देतो, हे आम्ही व्यासपीठावर उभे राहून चार दशके पाहिले आहे. पूर्वरंगातले निरूपण कितीही शुद्ध असो, उत्तररंगात आख्यान रंगले नाही तर माणसे चपला शोधू लागतात. यान धोबी त्या सद्बोधानंतरही छापला जात राहिला.

आज हे कागद अ‍ॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि हेगच्या राजग्रंथालयात जपले आहेत. पुष्कळसे नष्ट झाले. मुलांनी ते कापले, भिंतीस चिकटविले, हाताळून हाताळून त्यांच्या चिंध्या केल्या.