कॅमेऱ्याच्या काचेवरचं दव

आजचा विषय नखाएवढ्या काचेचा आहे, पण त्या काचेवर कधीकधी बरंच काही अवलंबून असतं.

पावसाळ्यात आम्ही बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरला गेलो होतो. मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी मंदिर, शेजारची पुष्करणी आणि यज्ञवराहाची कोरीव मूर्ती बघायची होती. सर नुकतीच थांबली होती. आम्ही गाडीत एसी लावून आलेलो, आणि फोन एसीच्या जाळीसमोरच्या स्टँडवर. उतरलो, फोटो काढला, तर वराह जणू धुक्यात उभा! फडक्यानं काच पुसली, फोटो स्वच्छ आला. मिनिटभरात काच पुन्हा धूसर.

त्याच दुपारी गावातल्या एका शेतकरीदादांनी त्यांचा फोन दाखवला. त्यांना ई-पीक पाहणीसाठी बाजरीचा फोटो काढायचा होता. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ही पद्धत आली आणि शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद फोटोसकट स्वतः करता येऊ लागली. पण दादांच्या फोटोत हिरवट धुराशिवाय काही दिसत नव्हतं. "कितीबी पुसा, जातच न्हाई," ते म्हणाले.

दिसायला दोन्ही धुकी सारखीच. पण आमचं धुकं काचेच्या बाहेर होतं आणि दादांचं आत. पहिल्यावर उपाय म्हणजे दहा मिनिटं थांबणं. दुसऱ्यात फोनच जाऊ शकतो. म्हणून हा फरक ओळखता आला पाहिजे.

आधी धुकं येतं कुठून ते बघू. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, ते पाणी काही तांब्यातून पाझरलेलं नसतं. ते हवेतलं असतं. हवेत वाफ मावते, पण तिला मर्यादा असते आणि ती तापमानावर ठरते. 28 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 27 ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्के असेल, तर प्रत्यक्षात तिच्यात सुमारे 22 ग्रॅम असते. आता हीच हवा 24 अंशांपर्यंत थंड केली, तर तेवढ्या थंड हवेत 22 ग्रॅमच मावतात. म्हणजे भांडं काठोकाठ भरलं. त्याखाली गेलात की जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडणार. या 24 अंशांना त्या हवेचा दवबिंदू म्हणतात.

आपण 'दव पडलं' म्हणतो खरं, पण दव वरून पडत नाही. रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होतात आणि शेजारच्या हवेतली वाफ त्यांच्यावर जमते. विल्यम वेल्स या डॉक्टरांनी 1814 मध्ये आपल्या निबंधात हे नीट मांडलं. जुन्या दगडी देवळात पावसाळ्याच्या तोंडावर 'देवाला घाम फुटला' म्हणतात, तिथंही बहुधा हेच घडतं. जाड दगड अजून गार असतो आणि दमट हवा आत शिरते.

आमच्या फोनचं तेच झालं. एसीनं काच 20-22 अंशांवर आलेली, बाहेरच्या हवेचा दवबिंदू 24. पुसून काच गरम होत नाही, म्हणून धुकं परत येत होतं. फोन खिशात ठेवला, दहा मिनिटांत तो बाहेरच्या हवेइतका झाला आणि प्रश्न मिटला. त्याहून बरं म्हणजे गाडीतून उतरण्याआधी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून तोंड बंद करायचं. फोन गरम होईपर्यंत दव पिशवीवर बसतं, काचेवर नाही.

आता आतलं धुकं. लोक म्हणतात, "फोन वॉटरप्रूफ आहे, आत ओल जाईलच कशी?" आयपी 67 चा अर्थ असा की फोन एक मीटर खोल साध्या पाण्यात 30 मिनिटं ठेवून तपासला आहे. ही चाचणी द्रव पाण्याची आहे, वाफेची नाही. अशा बऱ्याच फोनमध्ये आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. तो पाण्याचा थेंब अडवतो, हवा आणि वाफ जाऊ देतो. म्हणजे फोन श्वास घेतो म्हणा ना. शिवाय फोन पडला, उघडून दुरुस्त केला किंवा जुना झाला की डिंकाची सील सैल होते.

आत समजा 5 घनसेंटीमीटर दमट हवा आहे. आमच्या मघाच्या हिशेबानं तिच्यात वाफ किती? मिलिग्रॅमचा जेमतेम दहावा भाग. पण त्यातली निम्मी जरी अर्ध्या चौरस सेंटीमीटर काचेवर बसली, तरी एक मायक्रॉन जाडीचा थर होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याहूनही कमी, 0.4 ते 0.7 मायक्रॉन. हा थर सलग नसतो, बारीक थेंबांचा असतो आणि प्रत्येक थेंब प्रकाश भलतीकडे वळवतो. म्हणून फोटो दुधाळ येतो. फोनचे आतले भाग चालू असताना ऊबदार असतात, बाहेर तोंड केलेली पातळ काच मात्र लवकर गार पडते. वाफ नेमकी तिथंच बसते.

या हिशेबातून एक गोष्ट निघते. नुसत्या हवेतल्या ओलीनं हलकं धुकं येईल आणि फोन ऊबदार झाला की विरेल. पण काचेमागे ठळक थेंब दिसत असतील, किंवा धुकं रोज परत येत असेल, तर आत पाणीच गेलंय असं धरा.

ओळखायचं कसं? मऊ, कोरड्या फडक्यानं काच पुसा. धुकं गेलं तर ते बाहेरचं. गेलं आणि परत आलं नाही, तर बहुतेक बोटाचा तेलकट डागच होता. तोही दिव्याभोवती वलय दाखवतो, आणि फसवणारा खरा नेहमीचा चोर तोच. पुसून काहीच फरक नाही, तर धुकं आतलं.

पाणी गेल्याची शंका असेल तर फोन बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. ओलीत वीज खेळली की धातू झपाट्यानं गंजतो. कव्हर आणि सिमचा ट्रे काढून फोन पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, नाहीतर सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात नको. त्याचे बारीक कण फोनमध्ये शिरतात, आणि ॲपलनंही 2024 मध्ये तसं करू नका असं सांगितलं. हेअर ड्रायरही नको, त्यानं डिंक सुटतो आणि बॅटरीला धोका होतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी किंवा फवारणीचं औषध आत गेलं असेल तर सुकण्यावर विसंबू नका. पाणी उडून जातं, क्षार आतच राहतात. फोन लवकर उघडून साफ करून घ्या. आणि आयपी क्रमांक छापलेला असला, तरी पाण्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

दादांच्या काचेमागे थेंब स्पष्ट दिसत होते. फोन त्यांनी तिथंच बंद केला. नोंदीची मुदत मात्र थांबणार नव्हती. एकाच फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते, हे त्यांच्या पुतण्याला माहीत होतं. त्याच्या फोनवर बाजरीचं कणीस न् कणीस दिसत होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.