शिशाचा हिशोब वर येतानाचा

मालवणला स्कूबा करून आलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे : पाठीवर एवढा जड सिलिंडर, तरी कमरेला शिसं कशाला? बुडायला का वजन लागतं?

लागतं, आणि त्याला मुख्यतः अंगावरचा सूट जबाबदार आहे. या सुटाच्या जन्मदात्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून आधी त्याच्याविषयी. ह्यू ब्रॅडनर हा मॅनहॅटन प्रकल्पात अणुबॉम्बवर काम केलेला भौतिकशास्त्रज्ञ. पाणबुड्याला थंडीपासून वाचवायचं तर अंग कोरडं राहिलं पाहिजे, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. बर्कलेत असताना, १९५१च्या सुमारास, ब्रॅडनरच्या लक्षात आलं की भिजलं तरी बिघडत नाही. रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडले की तेच ऊब धरून ठेवतात. वेटसूट आला तो यातून. पेटंट काही ब्रॅडनरला मिळालं नाही. नाव आणि पैसा गेला कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगच्या दुकानदारांकडे. (त्यांतल्याच जॅक ओ'नीलला वेटसूटचा जनक म्हणणारे आजही भेटतात!)

पण ऊब देणारे बुडबुडे माणसाला वरही ढकलतात. गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधत, तसा हा अंगभर पसरलेला भोपळा. फरक एवढाच, की हा भोपळा खोल जाल तसा आक्रसतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, बुडबुडे जवळजवळ निम्मे. तीस मीटरवर पाव. म्हणजे पृष्ठभागावर जो माणूस काही केल्या बुडत नव्हता, तो खाली गेल्यावर आपोआप आणखी खाली जाऊ लागतो. वर येताना नेमकं उलटं : भोपळा फुगत जातो आणि चढण्याचा वेग वाढत जातो.

दुसरी गंमत हवेची. ११ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा भरलेली असते. लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास धरलं तरी झाली अडीच किलोहून जास्त! ही हवा श्वासागणिक बाहेर पडत राहते आणि पाणबुड्या हलका होत जातो. भरलेला असताना समुद्रात बुडणारा तोच सिलिंडर रिकामा झाला की चक्क तरंगतो.

म्हणून शिसं किती बांधायचं, हे खाली कसं जायचं यावर ठरत नाही. डुबकीच्या शेवटी, ५० बारच हवा उरलेली असताना, पाच मीटरवर तीन मिनिटं स्वस्थ थांबता आलं पाहिजे. तेवढ्यापुरतं शिसं पुरे. ते कमी पडलं तर नको तेव्हा पृष्ठभागावर फेकले जाल. अर्थात मग सुरुवातीला दोनेक किलो जास्तीचे वागवावे लागतातच. ते पेलण्यासाठी, आणि दबलेल्या सुटाने गमावलेलं उत्प्लावन भरून काढण्यासाठी, हवा भरता येणारं जाकीट असतं.

आता जाकिटाला किती पेलावं लागतं, याची करा बेरीज. हवेचे अडीच किलो, कोमट पाण्यातल्या पातळ सुटाचे दोन-तीन किलो धरा : साडेचार ते साडेपाच. पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला थोडं वर. जाहिराती मात्र वीस-वीस किलो उचलणाऱ्या जाकिटांच्या! जाड सुटात, बर्फगार पाण्यात, पोलादी सिलिंडरांची जोडी घेऊन उतरणाऱ्याला ते हवंच. उबदार समुद्रातल्या हौशी माणसाला त्याचा उपयोग बहुधा एकच : गरजेपेक्षा जास्त बांधलेलं शिसं झाकणं. आणि जाकिटातली जास्तीची हवा म्हणजे तरी काय, आणखी एक आक्रसणारा भोपळाच. शिसं वाढवलं की हवा वाढते, हवा वाढली की प्रत्येक मीटरला तोल ढळतो.

कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३मध्ये ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण तयार केलं तेव्हा असं जाकीट नव्हतंच. मोरिस फेन्झी या फ्रेंच माणसाची फुगवता येणारी कॉलर आली १९६१मध्ये. तोवर पाणबुडे शिसं किलो-अर्ध्या किलोच्या हिशोबाने बांधत आणि उरलेलं काम फुप्फुसांवर सोडत. अर्धा लिटर हवा जास्त आत घेतली की जवळपास अर्ध्या किलोची उचल मिळते, सोडली की जाते. श्वास कोंडून मात्र कधीच धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवाही प्रसरण पावते आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो. पण सावकाश, थोडा वर-खाली श्वास घेत एका जागी तरंगत राहणं नवशिक्यालाही जमतं. शिसं नेमकं असलं तर.